नेट निघाली म्हणजे पीएच.डी. लागली असं नव्हे

नेट म्हणजे प्राध्यापकपदासाठी आणि पीएच.डी. प्रवेशासाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा. तिचा निकाल लागला की आमच्या संशोधन केंद्रात पेढे येतात. एकदा आमची एक माजी विद्यार्थिनी पेढे घेऊन आली आणि म्हणाली, “मॅडम, पीएच.डी. लागली माझी.” तिच्या निकालपत्रावर ‘फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र’ एवढंच होतं. वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले होते. पुढचं वर्षभर ती एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत राहिली. विद्यापीठाची जाहिरात कधी आली आणि कधी गेली, हे तिला कळलंच नाही. वर्ष सरलं तशी त्या गुणांची प्रवेशासाठीची मुदतही सरली. पुन्हा अर्ज, पुन्हा परीक्षा. यात तिचा दोष मी मानत नाही. ‘पात्र’ आणि ‘प्रवेशित’ यांत किती अंतर आहे, हे तिला कुणी समोर बसवून सांगितलंच नव्हतं.

आधी पात्रतेचं बघू. पात्रता तुमच्यापाशी असते: तुमची पदवी, तुमचे गुण, तुमचा निकाल. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमावलीप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान 55 टक्के लागतात. चार वर्षांची पदवी घेऊन थेट यायचं असेल तर 75 टक्के. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रीमी लेअर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे. हा झाला पाया. त्यावर प्रवेश परीक्षा येते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण आपल्याकडे परीक्षा तीन आणि त्यांची नावंही एकमेकींना खेटून: नेट, सेट, पेट.

जून 2024 च्या सत्रापासून यूजीसी-नेटचा निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी शिष्यवृत्ती), सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आणि पीएच.डी. प्रवेशाची पात्रता असं तिन्ही मिळतं. दुसऱ्याला जेआरएफ सोडून बाकी दोन्ही. तिसऱ्याला फक्त पीएच.डी. प्रवेशाची पात्रता. या तिन्ही पात्रतांचं आयुष्य सारखं नाही, आणि हीच गोष्ट मुलांच्या हातून निसटते. सहायक प्राध्यापकपदाची पात्रता आयुष्यभर टिकते. जेआरएफचं पत्र तीन वर्षं चालतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी मात्र एकच वर्ष धरले जातात. म्हणजे दुसऱ्या गटातला मुलगा दोन वर्षांनीही प्राध्यापकपदासाठी अर्ज करू शकतो, पण त्याच नेटच्या गुणांवर पीएच.डी.ला बसू शकत नाही. प्रमाणपत्र तेच, आणि त्याच्या एका अर्ध्याची मुदत संपलेली.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती मुळात सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी आहे. सेट झालेल्यांना अनेक विद्यापीठं पेटमधून सूट देत आली आहेत, पण सूट म्हणजे लेखी परीक्षेतून सूट. पुढची रांग सगळ्यांना सारखीच. पेट ही विद्यापीठाची स्वतःची पीएच.डी. प्रवेश परीक्षा. तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात, आणि 50 टक्के मिळाले की मुलाखतीला बोलावणं येतं. मुलाखतीला बोलावणं येतं, एवढंच.

आता प्रवेश. तो तुमच्यापाशी नसतो, तो संस्था देते, आणि द्यायला तिच्याकडे जागा असावी लागते. एम.ए.ला वर्गात साठ खुर्च्या असतात, एकसष्टावा मुलगा आला तर एक बाक वाढवता येतो. पीएच.डी.ची जागा बाकावर नसते, माणसापाशी असते. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा, सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. त्यातही गाइड, म्हणजे संशोधन मार्गदर्शक, म्हणून मान्यता मिळायला प्राध्यापक आणि सहयोगी प्राध्यापकांचे किमान पाच, सहायक प्राध्यापकांचे किमान तीन शोधनिबंध प्रसिद्ध झालेले असावे लागतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. एखाद्या केंद्रात चार मान्यताप्राप्त गाइड असतील, त्यातले एक निवृत्तीच्या उंबरठ्यावर आणि दोघांच्या जागा भरलेल्या, तर विषयात कितीही मुलं पात्र असोत, दार एकाच्याच हातात आहे.

म्हणून निकालानंतर माझा पहिला प्रश्न “किती मिळाले?” असा नसतो. “तुझ्या विषयात कुठल्या केंद्रात कुणाकडे किती जागा आहेत, ते बघितलंस का?” असा असतो. नियमावलीनुसार गाइडची आणि रिक्त जागांची माहिती संस्थेनं संकेतस्थळावर द्यायची असते. ती यादी अर्ज भरायच्या आधी वाचावी. ज्या विषयाला तिथं गाइडच नाही, त्या विषयाचा देखणा आराखडा घेऊन मुलं मुलाखतीला बसतात आणि हिरमुसून परत जातात. मला ते दरवेळी जिव्हारी लागतं, कारण आराखडा बहुधा चांगला असतो.

गुणांचंही तसंच. पात्रतेत गुण म्हणजे उंबरठा, ओलांडला की झालं. प्रवेशात गुण म्हणजे क्रम. जेआरएफवाल्यांची निवड मुलाखतीवर होते. दुसऱ्या-तिसऱ्या गटातल्यांसाठी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भार असतो, आणि पेटमधून येणाऱ्यांनाही हेच प्रमाण. समजा एकाला नेटमध्ये 300 पैकी 180 मिळाले. म्हणजे 60 टक्के, 70 च्या हिशेबात 42. मुलाखतीत 30 पैकी 18 मिळाले, बेरीज 60. दुसरीला 165 मिळाले, म्हणजे 55 टक्के, हिशेबात साडेअडतीस. पण मुलाखतीत तिला 24 मिळाले, बेरीज साडेबासष्ट. लेखीत पंधरा गुणांनी मागे असलेली मुलगी पुढे गेली. निकालाच्या दिवशी दोघंही ‘पात्र’ होते आणि तो तिच्या वर होता. जागा एकच असेल तर तो बाहेर राहतो, आणि घरी हे समजावून सांगणं फार अवघड जातं. “नेट निघाली होती ना तुझी?” या प्रश्नाला त्याच्याकडे सरळ उत्तर नसतं.

मुलाखतीनंतरही सगळं झालेलं नसतं. गाइडची संमती, विषयाचा आराखडा, आपल्याकडे ज्याला सगळे आरआरसी म्हणतात त्या, विषयाला मान्यता देणाऱ्या समितीसमोरचं सादरीकरण, मग शुल्क, मग पत्र. यांचा क्रम विद्यापीठागणिक थोडा बदलतो. नोंदणीचं पत्र हातात येईपर्यंत “पीएच.डी. करतोय” असं म्हणू नये, निदान अर्जांमध्ये लिहू नये. हे मी कडकपणे सांगते, कारण पुढचं सगळं त्या पत्रावरच्या तारखेला बांधलेलं असतं.

नेटच्या निकालाच्या तारखेपासून पीएच.डी.चा एक दिवसही मोजला जात नाही. प्रवेशाच्या तारखेपासून कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळू शकतात. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन, म्हणजे कमाल दहा. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी संपूर्ण काळात मिळून 240 दिवसांपर्यंतची रजा घेता येते. नियमावली कुठली लागू, तेही नोंदणीवरच ठरतं. नोव्हेंबर 2022 पूर्वी नोंदणी झालेले जुन्या नियमांखाली आहेत, तेव्हा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापून येणं सक्तीचं होतं. नव्या नियमावलीनं ती सक्ती काढली. दोन मैत्रिणी एकाच सत्रात जेआरएफसह नेट निघालेल्या, एकीला लगेच प्रवेश मिळाला, दुसरीला दोन वर्षांनी, तर दोघींचे नियमही वेगळे असू शकतात.

पैशांचंही गणित याच तारखेशी जोडलेलं आहे. जेआरएफची रक्कम जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. पण नुसतं जेआरएफचं पत्र घरात ठेवून एक रुपयाही खात्यात येत नाही. प्रवेश झाल्यावरच ती सुरू होते. तीन वर्षांत प्रवेश झाला नाही तर पत्राचा कागद उरतो. ज्याच्या घरी त्या 37,000 वर पाच माणसांचा हिशेब मांडला जातो, त्याला हे पहिल्याच दिवशी कळायला हवं.

प्रवेशानंतर गुण पुन्हा एकदा भेटतात, कोर्सवर्कमध्ये, म्हणजे संशोधकांना पूर्ण करावा लागणाऱ्या अभ्यासक्रमात. किमान 12 क्रेडिट, त्यात संशोधन आणि प्रकाशनाच्या नीतिमत्तेचा अभ्यासक्रमही आला. इथंही 55 टक्के लागतात आणि ते मिळाल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही. एम.ए.चे 55 आणि कोर्सवर्कचे 55 यांची मुलं नेहमी सरमिसळ करतात. पहिले तुम्हाला रांगेत उभं करतात, दुसरे आत टिकवतात. कोर्सवर्कला ‘ओ’ ग्रेड आली म्हणून पीएच.डी. पहिल्या श्रेणीत होत नाही, कारण आपल्याकडे पीएच.डी.ला श्रेणीच नसते. जर्मनीत सर्वोत्तम ‘सुम्मा कुम लाउडे’पासून नुसत्या उत्तीर्ण ‘रिटे’पर्यंत पायऱ्या असतात, तिथं गेलेले आपले विद्यार्थी त्या सांगतात. इथं पदवी मिळते किंवा मिळत नाही.

आणि शेवटाकडे हाच गोंधळ पुन्हा उभा राहतो, कपडे बदलून. प्रबंध सादर झाला की नावापुढे ‘डॉ.’ लागतं, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदन होतं. पण सादर करणं ही पुन्हा पात्रताच झाली: तुमचा प्रबंध परीक्षकांपुढे जायला पात्र आहे, इतकंच. त्यानंतर गाइडबरोबरच तो संस्थेबाहेरच्या किमान दोन परीक्षकांकडे जातो. त्यातल्या एकानं नाकारला तर तिसऱ्याकडे. अहवाल अनुकूल आले की खुली मौखिक परीक्षा, म्हणजे व्हायवा. मग विद्यापीठाची अधिसूचना. सादर केल्यापासून हे सारं सहा महिन्यांत व्हावं असं नियमावली सांगते. नोकरीच्या अर्जात धरली जाते ती अधिसूचनेची तारीख. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी जो तक्ता आहे, त्यात पीएच.डी.ला 30 गुण आहेत, जेआरएफसह नेटला 7 आणि नुसत्या नेटला 5. सादर केलेल्या पण निकाल न लागलेल्या प्रबंधासाठी त्यात रकानाच नाही.

ही दोन टोकं एकमेकांना जोडलेली आहेत, आणि ते कागदावर कुठं दिसत नाही. गाइडकडे चारच जागा आहेत आणि त्यातले दोघं सातव्या वर्षात रेंगाळलेत, तर बाहेर उभ्या असलेल्या, नुकतीच नेट निघालेल्या मुलीचा प्रवेश त्यांच्या अपुऱ्या प्रकरणांपाशी अडलेला असतो. ती त्यांना ओळखतही नाही. म्हणून आमच्या केंद्रात व्हायवा झाली की मी चहा व्हायच्या आधी त्या गाइडच्या रिक्त जागेचं पत्र विद्यापीठाला पाठवायला लावते. पेढेवाली ती मुलगी दुसऱ्यांदा नेट निघाली, तेव्हा निकालाच्या संध्याकाळी तिनं मला फोन केला आणि पहिलंच विचारलं, “मॅडम, जागा कुणाकडे आहे?”