न वापरल्याने बिघडणारं यंत्र

मे महिनाभर घराला कुलूप होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात परत आलो, मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रं घरच्या प्रिंटरवर छापायला घेतली आणि पान बाहेर आलं ते जवळजवळ कोरं. वरचं बोधचिन्ह निळं-लाल झकास उमटलेलं, मजकुराच्या जागी मात्र तुटक करड्या रेघा. टाकीत काळी शाई अर्ध्याच्या वर दिसत होती. कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडच्या ताईंनी ‘हेड क्लीनिंग’ करायला सांगितलं. केलं. पुन्हा करा म्हणाल्या. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्यांदा बटण दाबण्याआधी मी विचारलं, “ताई, हे केल्यावर आत नक्की काय होतं?” त्यांच्यासमोर प्रश्नांची जी ठरलेली यादी असते, तिच्यात याचं उत्तर नव्हतं. ते शोधायला बसलो तेव्हा कळलं, की हे उत्तर माहीत असतं तर पहिल्या दिवशीच मी निम्म्या चुका टाळल्या असत्या.

घरातला इंकजेट प्रिंटर शाई कागदाला लावत नाही, तो ती उडवतो. एक थेंब साधारण ३ पिकोलिटरचा, म्हणजे लिटरच्या एक लाख कोटीव्या भागाच्या तिप्पट. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबात असे दीड कोटी थेंब सहज मावतील. गोल धरला तर त्याचा व्यास सुमारे १८ मायक्रॉन भरतो. आपल्या डोक्याचा केस याच्या तिप्पट-चौपट जाड असतो. ज्या भोकातून हा थेंब सुटतो, ते नोझलही साधारण त्याच मापाचं. अशी शेकडो नोझल नखाएवढ्या पट्टीवर, म्हणजे ‘हेड’वर, ओळीने बसवलेली असतात आणि प्रत्येकाला सेकंदाला हजारो थेंब अचूक जागी टाकायचे असतात. मला तर हे यंत्र चालतं याचंच नवल वाटतं.

थेंब उडवायच्या दोन रीती आहेत. पहिलीत नोझलमागे एक सूक्ष्म हीटर असतो. तो काही मायक्रोसेकंदांत ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा फुगतो आणि समोरची शाई बाहेर ढकलली जाते. १९७७ मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एंडो यांच्या हाताने तापलेली, डाग द्यायची सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईतून शाई उडाली. या तंत्राचा एक धागा तिथून निघतो. ह्युलेट-पॅकार्डमध्ये त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशीच कल्पना सुचली आणि १९८४ मध्ये त्यांचा ‘थिंकजेट’ प्रिंटर बाजारात आला. दुसऱ्या रीतीत उष्णता नसते. विजेचा दाब दिला की किंचित वाकणारा पदार्थ शाईची छोटीशी कोठडी दाबतो. स्फटिक दाबला तर वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं होतं. हा त्याचाच उलटा प्रवास. माझा प्रिंटर या दुसऱ्या जातीचा.

दोन्ही रीतींचं दुखणं मात्र एकच. शाईत बहुतांश पाणी असतं, आणि नोझलच्या तोंडाशी त्या पाण्याची गाठ थेट हवेशी असते. पाणी उडून जातं, रंग मागे राहतो, शाई घट्ट होते आणि मग तिथेच सुकते. हे लांबवण्यासाठी शाईत ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ घालतात. त्यातून अनेक प्रिंटरांमध्ये काळी शाई पिगमेंटची असते, म्हणजे तिच्यात रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, तर बाकीच्या रंगांची शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते. कणवाली शाई सुकली की पुन्हा सहजी विरघळत नाही. माझ्याकडे निळं-लाल शाबूत आणि काळं गायब, त्याचा उलगडा इथे झाला.

नोझल सुकू नयेत म्हणून कंपन्यांनी एक साधी, सुंदर सोय केलेली असते. काम संपलं की हेड एका कोपऱ्यात जाऊन थांबतं आणि खालून रबराची टोपी वर येऊन नोझल झाकते. पण प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तरच हे पूर्ण होतं. छपाई चालू असताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खाली केलं, तर हेड जिथे असेल तिथे उघडंच राहतं. भारनियमनात वीज गेली तरी तेच. आपल्याकडे गावाला निघताना घरातली सगळी बटणं बोर्डावरून बंद करायची चांगली सवय असते. मीही तेच केलं होतं. निघायच्या घाईत शेवटचं तिकीट छापलं, हेड कोपऱ्यात परतायच्या आत बटण खाली, आणि पुढे मे महिन्याचं ऊन. आधी प्रिंटरचं बटण, दिवे विझले की मग बोर्डाचं, एवढा क्रम पाळला असता तर ही वेळ टळली असती.

आता माझा मूळ प्रश्न. हेड क्लीनिंगमध्ये एक छोटा पंप त्या रबरी टोपीतून नोझलमधली शाई बाहेर ओढतो, मग रबराची पट्टी नोझलचं तोंड पुसते. ओढलेली शाई टाकीत परत जात नाही. ती प्रिंटरच्या तळाशी असलेल्या नमद्यासारख्या जाड पॅडमध्ये जिरते. प्रिंटर तिचा अंदाजे हिशोब ठेवतो आणि पॅड भरत आल्याचा आकडा गाठला की छपाईच थांबवतो. शाई तळातून झिरपू नये म्हणून. म्हणजे क्लीनिंगचं बटण दाबणं फुकट नाही. दरवेळी विकतची शाई जाते आणि प्रिंटरचं आयुष्यही थोडं खर्ची पडतं. दहा वेळा दाबा असं कुणी फोनवर सांगितलं तर ऐकू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग करायचं काय? प्रत्येक क्लीनिंगनंतर ‘नोझल चेक’चं पान काढायचं (त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी छापली जाते, बंद नोझलच्या जागी रेघ तुटते), त्यावर तारीख-वेळ टाकायची आणि ती पानं शेजारी शेजारी ठेवून बघायची. खंड दरवेळी त्याच जागी असतील तर तिथे शाई सुकलेली आहे. जागा बदलत असतील तर बहुधा नळीत हवा शिरली आहे. दोन्हींत दोन-तीन क्लीनिंगनंतर थांबून प्रिंटर रात्रभर स्वस्थ ठेवणं उपयोगी पडतं: ताज्या शाईतलं पाणी सुकलेला थर हळूहळू मऊ करतं, बुडबुडे वर सरकतात. माझ्या पहिल्या पानावर काळ्याच्या जाळीत चौदा खंड होते, तिसऱ्यावर नऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी चार.

नोझल चेक स्वच्छ असूनही छपाई होत नसेल, तर दोष हेडमध्ये नाही. अशा वेळी संगणक मधून काढून टाकायचा. स्कॅनरच्या काचेवर कागद ठेवून थेट प्रिंटरवरूनच कॉपी काढायची. ती नीट आली तर यंत्र धडधाकट आहे, बिघाड संगणकात किंवा वायफायमध्ये आहे. ‘प्रिंटर ऑफलाइन’ दिसण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे राउटर बंद-चालू झाला की तो प्रिंटरला नवा पत्ता देऊ शकतो, आणि संगणक जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरला कायमचा पत्ता राखून ठेवता येतो. दुसरं म्हणजे बरेच घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झची वायफाय ओळखतात. राउटर नवा घेतल्यावर नेटवर्कच दिसेनासं झालं तर आधी हे तपासावं.

पावसाळ्यात कागद अडकण्याच्या तक्रारी वाढतात, त्याचं कारण बहुतेकदा कागदातच असतं. कागद हा सेल्युलोजचा, हवेतला ओलावा शोषणारा. उघडी रिम दमट हवेत राहिली की पानं एकमेकांना चिकटतात, कडा वळतात आणि रोलर एकाऐवजी तीन पानं ओढतो. उरलेली रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली की पुरतं.

आता पुन्हा कस्टमर केअरकडे. दुसऱ्या फोनमध्ये मला सांगण्यात आलं, की हेडच बदलावं लागेल आणि ते वॉरंटीत बसणार नाही. मी वाद घातला नाही. तक्रार क्रमांक मागून घेतला आणि तारखा टाकलेल्या चारही पानांचे फोटो, प्रिंटरचा सीरियल नंबर, खरेदीचं बिल असं सगळं ईमेलने पाठवलं. खंड चौदावरून चारवर आले, मग हेड निकामी कसं, हा एकच प्रश्न विचारला. तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरचे इंजिनिअर घरी आले. फोनवरच्या माणसाला आपला प्रिंटर दिसत नसतो. त्याच्यापुढे नेमकं निरीक्षण ठेवलं, तर तक्रार पुढच्या पायरीवर सरकवायला त्यालाही आधार मिळतो. वॉरंटीकार्ड मात्र नीट वाचावं. अनेक प्रिंटरांची वॉरंटी ठरावीक काळ किंवा ठरावीक पानं, यांतलं जे आधी संपेल तिथवर असते.

कंपनी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क नाही. कस्टमर केअरचा क्रमांक बिलावरून, खोक्यावरून किंवा माहितीपुस्तिकेतूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या खोट्या क्रमांकांवर फसलेली माणसं कमी नाहीत. प्रिंटर दुरुस्त करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. फसवणूक झालीच तर क्षणाचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावं.

स्वतःच्या प्रिंटरच्या आत काय चाललंय ते कळावं, हा आग्रह जुना आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत प्रोग्रामर रिचर्ड स्टॉलमन यांना झेरॉक्सच्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये एक सुधारणा करायची होती: कागद अडकला की वापरणाऱ्यांना संदेश जावा. जुन्या प्रिंटरवर ती त्यांनी केलीही होती. नव्याच्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता (सोर्स कोड) त्यांना नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी मुक्त सॉफ्टवेअरसाठी, म्हणजे ज्याची संहिता कुणालाही वाचता-बदलता येते अशा सॉफ्टवेअरसाठी, ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या अनुभवांपैकी हा एक. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, कंपन्यांची दुरुस्तीविषयीची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून.

इंजिनिअरनी हेड बदललं नाही. ओल्या फडक्याने टोपीची कड पुसली, तिच्यावर सुकलेल्या शाईची खपली धरली होती आणि त्यामुळे ती नीट बसतच नव्हती. मग मागचं झाकण उघडून त्यांनी पॅड काढून दाखवलं. काळंकुट्ट, ओलं, हाताला जड. “ही सगळी तुमचीच शाई,” ते म्हणाले. काही नव्या मॉडेलमध्ये हे पॅड छोट्या डब्यात येतं आणि घरच्या घरी बदलता येतं. पुढचा प्रिंटर घेताना दुकानात मी पहिली चौकशी त्या डब्याची करणार आहे.