मल्टिफेरॉइक ऑक्साइड सिरॅमिक : डायलेक्ट्रिक वागणूक आणि चार्जची वाहतूक

एकाच पदार्थात चुंबकी क्रम पण आहे आणि फेरोइलेक्ट्रिक ध्रुवण (धन-ऋण चार्जची आपोआप झालेली, विद्युतक्षेत्राने उलटवता येणारी विभागणी) पण आहे, तर तो मल्टिफेरॉइक. हे नाव १९९४ मध्ये हान्स श्मिड यांनी रूढ केलं. असे पदार्थ मुळात कमीच, कारण बेरियम टायटनेटसारख्या नेहमीच्या फेरोइलेक्ट्रिकमध्ये टायटॅनियमची डी-कक्षा रिकामी लागते आणि चुंबकत्वाला तर त्याच कक्षेत इलेक्ट्रॉन हवे असतात. बिस्मथ फेराइट यातून बरोबर सुटतो, चुंबकत्व लोखंडाकडे आणि ध्रुवण बिस्मथच्या एकाकी इलेक्ट्रॉनजोडीकडे. आणि दोन्ही गुण रूम टेंपरेचरला हजर असतात: चुंबकी क्रम जातो साधारण ३७० अंश सेल्सिअसला, फेरोइलेक्ट्रिकपणा ८३० च्या आसपास.

नाशिकसारख्या ठिकाणी एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा पदार्थ परवडतो, कारण लागतं काय तर बिस्मथ ऑक्साइड, आयर्न ऑक्साइड, अगेटचा खल, हायड्रॉलिक प्रेस, फर्नेस आणि एलसीआर मीटर (कपॅसिटन्स आणि लॉस मोजणारं यंत्र). खरी गोम फर्नेसमध्ये आहे. बिस्मथ ऑक्साइड ८१७ अंशाला वितळतं आणि सिंटरिंग (पावडरची दाबलेली चकती, म्हणजे पेलेट, भाजून घट्ट करणं) करताना त्यातलं थोडं उडूनही जातं, मग रचनेत बिस्मथ कमी पडतो, ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात, काही लोखंड तीन धन (Fe³⁺) वरून दोन धन (Fe²⁺) वर येतं आणि एक्सआरडीत (क्ष-किरणांनी रचना तपासताना) नको असलेल्या फेजचे, म्हणजे भलत्याच संयुगांचे, पीक डोकं वर काढतात. म्हणून बरेच जण आधीच थोडं जास्तीचं बिस्मथ ऑक्साइड टाकतात. ते किती टाकायचं हे मात्र ज्या त्या फर्नेसवर ठरतं, पेपरातला आकडा जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आता चार्ज कसा चालतो. दोन धन आणि तीन धन लोखंडाच्या मध्ये इलेक्ट्रॉन उड्या मारतो, यालाच हॉपिंग म्हणतात, आणि तापमान चढलं की ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही सरकायला लागतात. ग्रेनच्या, म्हणजे सिरॅमिकमधल्या बारीक स्फटिककणांच्या, आत तसा बरा रस्ता असतो पण दोन कणांमधली ग्रेन बाउंड्री जास्त रोधक, त्यामुळे कमी फ्रिक्वेन्सीला चार्ज तिथे जाऊन नाशिकच्या द्वारका चौकातल्या गाड्यांसारखा तुंबतो. या तुंबलेल्या चार्जचं ध्रुवण म्हणजे मॅक्सवेल–वॅगनर ध्रुवण, आणि कूप्स यांनी १९५१ मध्ये निकेल-झिंक फेराइटवर हेच ग्रेन-बाउंड्रीचं चित्र मांडलं. फ्रिक्वेन्सी वाढवली की चार्जला बाउंड्रीपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही आणि डायलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थाच्या चार्ज साठवण्याच्या क्षमतेचं माप) धाडकन उतरतो. उड्यांचा वेग आणि फ्रिक्वेन्सी जुळली तिथे टॅन डेल्टामध्ये (लॉस, म्हणजे वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) पीक दिसतो, अर्थात लीकेज (चार्जची गळती) जास्त असेल तर तो त्यातच बुडून जातो.

म्हणून १०० हर्ट्झला स्थिरांक हजारोंत आला की लगेच पेढे वाटू नयेत. तो बहुतेक वेळा ग्रेन बाउंड्रीचा किंवा इलेक्ट्रोडचा असतो, पदार्थाचा नाही. कॅल्शियम कॉपर टायटनेटचं असंच झालं, २००० मध्ये दहा हजारांच्या घरातला स्थिरांक जाहीर झाला आणि नंतर त्यामागे मुख्यतः आतले रोधक थरच निघाले. लूपचंही, म्हणजे ध्रुवण विरुद्ध विद्युतक्षेत्र या आलेखाचंही, तेच. जे. एफ. स्कॉट यांनी २००८ मध्ये केळ्याच्या सालीवर इलेक्ट्रोड लावून गोलसर बंद लूप काढून दाखवला, साल काही फेरोइलेक्ट्रिक नसते, नुसती गळते (जळगावचं केळं असतं तरी वेगळं काही झालं नसतं!). टोकं गोल आणि सॅच्युरेशन नाही असा लूप ध्रुवणाचा पुरावा म्हणून देऊ नये.

ग्रेन आणि बाउंड्री वेगळी काढायला इम्पीडन्स स्पेक्ट्रोस्कोपी (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला एसी रोध मोजणं) लागते. नायक्विस्ट प्लॉटवरचं (इम्पीडन्सचा काल्पनिक भाग विरुद्ध खरा भाग) जास्त फ्रिक्वेन्सीचं अर्धवर्तुळ ग्रेनचं, कपॅसिटन्स पिकोफॅरडच्या घरात. कमी फ्रिक्वेन्सीचं बाउंड्रीचं, ते साधारण नॅनोफॅरडच्या आसपास. त्याहून बरंच मोठं आलं तर इलेक्ट्रोडवर संशय घ्यावा. एसी कंडक्टिव्हिटीला जॉन्शरचा नियम (कंडक्टिव्हिटी फ्रिक्वेन्सीच्या एस घाताप्रमाणे वाढते) लावतात, त्यातला घातांक एस तापमानाबरोबर उतरत असेल तर कोरिलेटेड बॅरियर हॉपिंग (ऊर्जेचा अडथळा ओलांडून उडी), चढत असेल तर स्मॉल पोलारॉन (आजूबाजूची जाळी वाकवत चालणारा चार्ज). अर्‍हेनियस प्लॉटवरून (कंडक्टिव्हिटीचा लॉग विरुद्ध १/तापमान) ॲक्टिव्हेशन एनर्जी (चार्ज हलायला लागणारी ऊर्जा) १ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास आली तर ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा, निम्म्याहून कमी आली तर इलेक्ट्रॉनचं हॉपिंग असा अंदाज बांधतात, पण तो अंदाजच, एवढ्यावर निकाल देऊ नये.

गळती कमी करायला बिस्मथच्या जागी लँथॅनम किंवा समेरियम घालतात, लोखंडाच्या जागी थोडं टायटॅनियम. चार धन टायटॅनियम आलं की चार्जचा हिशोब जुळवायला ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांची गरज कमी होते आणि रोध चांगलाच वाढतो.

मोजताना पावसाळ्याचं भान ठेवावं. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकच्या हवेत सच्छिद्र पेलेट ओलावा धरतं आणि कमी फ्रिक्वेन्सीचे आकडे फुगतात, तेव्हा आधी १५० अंशाच्या आसपास तापवून मग तापमान उतरताना रीडिंग घ्यावं आणि जमलं तर वेगळ्या जाडीच्या पेलेटवर, वेगळ्या इलेक्ट्रोडने परत बघावं. चुंबक लावल्यावर कपॅसिटन्स बदलला म्हणजे मॅग्नेटोइलेक्ट्रिक कपलिंग (चुंबकत्व आणि ध्रुवण यांचा एकमेकांवर परिणाम) सापडलं असंही नाही, गुस्ताउ कातालान यांनी २००६ मध्ये दाखवलं की नुसता मॅग्नेटोरेझिस्टन्स (चुंबकी क्षेत्राने बदलणारा रोध) आणि मॅक्सवेल–वॅगनर एकत्र आले तरी असाच बदल दिसतो, त्यामुळे त्या आकड्याबरोबर लॉस किती बदलला तेही द्यावं लागतं.