रॉटवायलर नको, लॅब चालेल: एका यादीची वंशावळ

ऐरोलीपासून उलव्यापर्यंत कुठल्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत बसा, पार्किंग आणि गळती हे विषय उरकले की गाडी कुत्र्यांवर येतेच. आमच्या नेरुळच्या सोसायटीत गेल्या वर्षी तर छापील यादीच फिरली. रॉटवायलर, पिटबुल, डॉबरमन यांना बंदी. जर्मन शेफर्ड चालेल, पण तोंडाला मुसकं बांधून. लॅब्रॅडॉर, गोल्डन, पग बिनधास्त आणा. गेटवरच्या गावठी कुत्र्यांसाठी रकानाच नव्हता. हे ठरवलं कसं, असं यादी करणाऱ्या काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "अहो, खाण तशी माती. जातीचा गुण जातो होय?"

काकांचं पूर्ण चुकलं होतं असं नाही. पण ज्या 'जाती'वर त्यांचा एवढा भरवसा होता, ती गोष्ट आपल्या रेल्वेपेक्षाही वयाने लहान आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ मध्ये. कुत्र्यांचं पहिलं रीतसर प्रदर्शन भरलं १८५९ मध्ये, इंग्लंडात न्यूकॅसलला.

त्याआधी कुत्र्याची ओळख त्याच्या कामावरून होत असे. आपल्याकडे अजूनही थोडीफार तशीच होते. धनगराचा कुत्रा मेंढरांच्या वाड्यात झोपतो आणि लांडग्याची चाहूल लागली की उठतो. मराठवाड्यातला कारवान सशामागे धावतो. सीमेपलीकडे मुधोळला त्याच्याच भाऊबंदांना तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांचा आश्रय मिळाला, म्हणून ते मुधोळ हाउंड झाले. धनगराने पिल्लू ठेवताना आईबाप कसे राखण करतात ते पाहिलं. मेंढरू मारणारा कुत्रा त्याने ठेवलाच नाही. निवड होती ती स्वभावाची आणि पायांची. कानाची टोकं कुठे वळतात याच्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं.

न्यूकॅसलच्या प्रदर्शनातही सुरुवातीला कामाचीच कुत्री होती: शिकारीत पक्षी दाखवून देणारी पॉइंटर आणि सेटर. बंदुका बनवणाऱ्या एका कारागिराने बक्षीस म्हणून बंदुकाच ठेवल्या होत्या. पण प्रदर्शनाच्या मंडपात ससाही नसतो आणि मेंढीही नसते. परीक्षकासमोर उभा असतो तो नुसता कुत्रा. मग उंची, रंग, डोक्याचा आकार, शेपटीचा बाक हेच मोजलं जाऊ लागलं. १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब निघाला, वंशावळीची वही सुरू झाली. पुढे तर आईबापांचं नाव वहीत असेल तरच पिल्लू 'जातिवंत' असा दंडक पडला. १८९६ मध्ये भारतातही केनेल क्लब आला.

गोम आहे ती इथेच. जातीचं नाव आणि लौकिक जुन्या कामाचा राहिला, निवड मात्र दिसण्यावर होऊ लागली. आमच्या सोसायटीची यादी लौकिकावर चालते.

यादीतलं एकेक नाव काढून पाहिलं तर गंमत वाटते. गोल्डन रिट्रीव्हरची सुरुवात १८६८ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका उमरावाच्या शिकारखान्यात झाली. मारलेलं बदक पाण्यातून अलगद तोंडात धरून आणणं हे त्याचं काम. रॉटवायलर हे जर्मनीतल्या रॉटवाइल गावचं नाव. खाटकांची गुरं हाकायची आणि गाडी ओढायची, हा त्याचा धंदा. म्हणजे काकांच्या यादीतला हा 'खुनी' मुळात बैलाच्या जागी जुंपलेला गडी. डॉबरमन हे तर माणसाचंच आडनाव. आपोल्डा गावात करवसुली करणारे लुई डॉबरमन यांना सोबतीला दरारा असलेला कुत्रा हवा होता. वसुलीवाल्याला असं वाटणं समजण्यासारखं आहे. आणि घरातले वडीलधारे ज्याला अजून 'अल्सेशियन' म्हणतात, तो जर्मन शेफर्ड म्हणजे १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्स या जर्मन अधिकाऱ्याने नावारूपाला आणलेला मेंढपाळांचा कुत्रा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनी हे दुसरं नाव चिकटवलं. तेच आपल्याकडे उतरलं आणि नौपाड्यातल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर टिकून राहिलं.

आपल्याकडे जात निवडली जाते ती बहुधा फॅशन म्हणून. ठाण्यातल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये एके काळी पांढरा 'पॉमेरियन' असायचाच. त्यातले बहुतेक खरे पॉमेरेनियन नव्हतेच, ते होते इंडियन स्पिट्झ. भुंकायचे मात्र दोघेही सारखेच. मग २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागे मागे फिरू लागला आणि पगला मागणी आली. तो निष्ठावान असतो हे आपल्याला जाहिरातीने सांगितलं. चपट्या नाकामुळे त्याला दम लागतो हे नंतर डॉक्टरांनी. आता पाम बीच रोडवर मे महिन्यात सायबेरियन हस्की फिरायला येतो. त्याच्या स्वभावाबद्दल काय बोलणार, तो बिचारा सावली शोधत असतो.

शास्त्रज्ञांनी हा विषय नीट हातात घेतला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. अमेरिकेत बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी पाच जातींची पिल्लं एकसारख्या परिस्थितीत वाढवली: बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनिएल, शेटलँड शीपडॉग आणि वायरहेअर्ड फॉक्स टेरिअर. १९६५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. जातीजातींत फरक दिसले, पण एकाच जातीच्या दोन पिल्लांतही भरपूर फरक होता. त्यांचा सगळ्यात उपयोगी निष्कर्ष जातीबद्दल नव्हताच, तो वयाबद्दल होता. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, हुंगतं, ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. या काळात माणूस दिसला नाही, तर ते माणसाला बिचकतं.

आता हे आपल्या बाजाराशी ताडून पाहा. महिन्याभराचं, अजून आईचं दूध पिणारं पिल्लू टोपलीत घालून विकणारे कमी नाहीत. कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांनी आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी घातली आहे. तरी गिऱ्हाईक पहिला प्रश्न "प्युअर आहे ना?" हाच विचारतं. आईपासून कधी तोडलं, हे विचारणारा माझ्या बघण्यात एकच आहे, आणि तो प्राण्यांचा डॉक्टर आहे.

मग स्वभाव रक्तातून येतच नाही का? येतो, पण त्यासाठी स्वभावच निवडावा लागतो. रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून फक्त माणसाला न बुजणारे रुपेरी कोल्हे वेगळे काढून त्यांचीच वीण चालवली. थोड्याच पिढ्यांत माणूस दिसला की शेपूट हलवणारी कोल्ह्याची पिल्लं जन्मू लागली. धनगर पिढ्यानपिढ्या हेच करत आला होता, वही न ठेवता. प्रदर्शनवाल्यांनी ती चाळणी बदलली आणि कानांची केली.

या बदलाचा हिशेब अलीकडे लागला. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कॅथलीन मॉरिल, एलिनॉर कार्लसन आणि सहकाऱ्यांनी १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि २,००० हून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासले. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक पडतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता आला. माणसाच्या इशाऱ्यावर चालण्याची तयारी यात जातीचा हात जरा जास्त दिसला. चटकन बिथरण्यात मात्र तो जवळजवळ नव्हताच. मालकांची उत्तरं म्हणजे आईला मुलाबद्दल विचारण्यासारखं, हे मान्य. तरी एवढ्या मोठ्या संख्येत जात इतकी फिकी निघावी, हे काकांना ऐकवण्याजोगं आहे.

काकांच्या बाजूनेही एक पुरावा द्यायला हवा. लॅब्रॅडॉर खादाड असतो हे खोटं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये भुकेशी निगडित एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो. पण बाकीच्या तिघांत तो शाबूत असतो, हेही त्याच अभ्यासातलं. हेलसिंकी विद्यापीठाने २०२१ मध्ये ९,००० हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास केला. गुरगुरणं आणि चावणं यांच्याशी सगळ्यात घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती भीती. चावऱ्या जातींच्या क्रमवारीत लॅब आणि गोल्डन खाली होते, इथवर काका बरोबर. वरच्या क्रमांकांत मात्र लांब केसांचा देखणा रफ कोली होता. आमच्या यादीत त्याचं नावच नाही.

अशी यादी सरकारनेही करून पाहिली आहे. १२ मार्च २०२४ ला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच पत्र काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्येच ते रद्द केलं. सोसायट्यांबाबत तर पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच सांगून ठेवलं आहे की लहान कुत्रा चालेल, मोठा नको, असा भेद करता येणार नाही. हे सभेत वाचून दाखवल्यावर दोन मिनिटं शांतता होती. मग विषय पुन्हा पार्किंगवर गेला.

मला या सगळ्यात गेटवरची कुत्री जास्त शिकवतात. त्यांची पिढ्यानपिढ्या कुणी जाणूनबुजून निवडच केली नाही. आपापल्या हिमतीवर जगली ती उरली. कोलकात्याच्या 'आयसर' या विज्ञान संस्थेतल्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने भारतातल्या काही शहरांत रस्त्यावरच्या कुत्र्यांना बोटाने भांडं दाखवून पाहिलं. कुठलंही शिक्षण नसताना, जवळ आलेल्यांपैकी पाचातल्या चौघांना इशारा कळला. पण जवळजवळ निम्मी कुत्री जवळ आलीच नाहीत, बिचकून लांबच राहिली. गल्ली तीच, खाणं तेच, आणि हा फरक.

आमच्याकडे टायगर आणि काळी ही एकाच वेताची भावंडं, ट्रान्सफॉर्मरच्या मागे जन्मलेली. दिवाळीत पहिला फटाका वाजला की टायगर वॉचमनच्या खुर्चीखाली शिरतो आणि भाऊबीज होईपर्यंत निघत नाही. काळी भर लडीत आडवी पसरून झोपते. चौथ्या मजल्यावरचा परवानाधारक, बिनधास्त रकान्यातला लॅब लिफ्टमध्ये अनोळखी माणूस शिरला की गुरगुरतो, म्हणून त्याला जिन्याने उतरवतात. बी विंगमधला रॉटवायलर लहान मुलांच्या सायकली चाटतो. यादी आली तेव्हा तो आधीपासूनच राहत होता, म्हणून बचावला.

यादी अजून नोटीस बोर्डावर आहे, तिच्यावर गणपतीच्या वर्गणीचा कागद चिकटलाय. कुत्र्याच्या नोंदणीच्या फॉर्मवर 'जात' हा रकानाही आहे. काळीला गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी घरी नेलं. त्यांनी त्या रकान्यात लिहिलंय, 'ट्रान्सफॉर्मरमागची'.