बेस टायकानचे 5.4 सेकंद : वादामागची पार्श्वभूमी

पोर्शेच्या विजेवरच्या टायकानचे सर्वांत स्वस्त, म्हणजे बेस मॉडेल आधी चीनमध्ये उतरले, मग जानेवारी 2021 मध्ये युरोपात. पुढची मोटर काढून टाकलेली, ताकद फक्त मागच्या चाकांना. शून्यावरून ताशी शंभर किमी गाठायला 5.4 सेकंद, टॉप स्पीड ताशी 230 किमी. एवढा पैसा ओतून घेतलेली गाडी एवढीच पळावी का, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. त्याच शोरूममधली टायकानची महागडी भावंडे तेव्हा शंभर गाठायची ती अशी : टर्बो एस 2.8 सेकंदांत, 4एस चार सेकंदांत. त्यांच्याशेजारी 5.4 हा आकडा बापुडवाणा दिसतो खरा. पण 1970 च्या दशकातली पोर्शेचीच पहिली 911 टर्बो ही स्पोर्ट्स कार याच कामाला साडेपाच सेकंद घ्यायची, आणि तिला कुणी कधी सुस्त म्हटले नाही.

विजेची गाडी पळते याचे नवल तसे जुनेच. ताशी 100 किमीचा टप्पा ओलांडणारी पहिली मोटारगाडी 1899 मधली आणि तीही विजेवरची. मधले शतक सोडून देऊ. आजच्या वादाचे मूळ 2014 मध्ये आहे. त्या वर्षी टेस्ला मॉडेल एसची दोन मोटरींची पी85डी आवृत्ती आली आणि 691 हॉर्सपॉवर हा आकडा गाजला. ती पुढच्या आणि मागच्या मोटरच्या क्षमतांची बेरीज होती; बॅटरीतून एका वेळी तेवढी वीज निघतच नव्हती. गाडी जोरात पळत होती याबद्दल तक्रार नव्हती, तक्रार कागदावरच्या आकड्याची होती. नॉर्वेतले शंभराहून जास्त मालक कोर्टात गेले आणि 2016 च्या अखेरीस तडजोड झाली. पेट्रोल इंजिनाला लागू पडणारे हिशेब मोटरला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे ग्राहकांना तेव्हा पहिल्यांदा नीट कळले.

टायकानने हा गुंता वेगळ्या पद्धतीने सोडवला, म्हणजे खरे तर दोन आकडे छापून वाढवला. 2021 च्या बेस गाडीची नेहमीची ताकद 240 किलोवॅट, म्हणजे 326 हॉर्सपॉवर. पण जाहिरातीत पुढे असायचे ते 300 किलोवॅट, 408 हॉर्सपॉवर. हे ओव्हरबूस्ट फक्त लाँच कंट्रोल (झटक्यात सुटण्यासाठीची खास सोय) वापरून, उभ्या गाडीतून सुटताना, काही सेकंदांपुरते मिळायचे. ट्रकला ओव्हरटेक करताना त्याचा काही उपयोग नव्हता. जास्तीचे पैसे भरून मोठी बॅटरी घेतली की हे आकडे 280 आणि 350 किलोवॅटवर जायचे, शून्य ते शंभर मात्र तेच 5.4. मोठ्या बॅटरीने वजन 80 किलोने वाढायचे आणि वाढलेला जोर तिथेच खर्ची पडायचा. कंपनीने फसवले असे म्हणता येणार नाही, दोन्ही आकडे माहितीपत्रकात होते. पण 326 हॉर्सपॉवर आणि दोन टनांहून जास्त वजन असे ठळक छापले असते, तर ‘एवढीच का पळते’ हा प्रश्न निम्म्या लोकांना पडलाच नसता.

या गाडीचा खरा दावा एकदा जोरात सुटण्याचा नव्हताच, पुन्हा पुन्हा तसेच सुटण्याचा होता. इतर विजेच्या गाड्या दोन-चार वेळा जोर लावला की तापायच्या आणि ताकद आपोआप उतरायची. 2019 मध्ये टायकानच्या एका प्रोटोटाइपला धावपट्टीवर लागोपाठ 26 वेळा शून्य ते दोनशे पळवले गेले. सर्वांत वेगवान आणि सर्वांत हळू फेरीत फरक पडला 0.8 सेकंदांचा. मागच्या अॅक्सलवर दोन गिअर आहेत तेही यासाठीच : पहिला सुटण्यासाठी, दुसरा महामार्गासाठी. एकाच गिअरच्या विजेच्या गाड्या सिग्नलला बाण असतात आणि दीडशेच्या पुढे दमतात. ही तशी दमत नाही.

आणि चालवण्यातल्या समाधानाचे म्हणाल तर नोव्हेंबर 2020 मध्ये जर्मनीतल्या हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर एका प्रशिक्षकाने हीच मागच्या चाकांची टायकान पाणी मारलेल्या 200 मीटर घेराच्या वर्तुळावर सलग 55 मिनिटे आडवी घसरवत ठेवली. 210 फेऱ्या, 42.171 किमी. विजेच्या गाडीच्या सर्वांत लांब ड्रिफ्टचा तो विक्रम ठरला. असल्या खेळाला मागच्याच चाकांची ताकद सोयीची, म्हणून इथे बेस मॉडेल महागड्या भावंडांपेक्षा सरस. स्टिअरिंगवर बसणाऱ्याला हे शून्य-ते-शंभरच्या आकड्यापेक्षा जास्त कळते, असे आमचे मत.

बाजार मात्र आकड्यामागेच धावला. मार्च 2024 मध्ये मोबाइल बनवणाऱ्या एका चिनी कंपनीने टायकानच्याच वळणाची एसयू7 आणली. तिचे सर्वांत स्वस्त मॉडेल तेव्हा 2,15,900 युआनला, शंभर गाठायला 5.28 सेकंद. त्याच वर्षी टायकानही सुधारली : मागची मोटर नवी, बेस मॉडेल 4.8 सेकंदांवर.

भारतात टायकान नोव्हेंबर 2021 मध्ये दीड कोटीपासून पुढे मिळू लागली. महाराष्ट्रात तिचे नाव घरोघरी पोहोचले ते मात्र मे 2024 मध्ये, पुण्यातल्या कल्याणीनगरच्या अपघाताने. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. ‘गाडी पुरेशी वेगवान आहे का’ हा प्रश्न त्यानंतर आपल्याकडे निराळ्याच सुरात विचारला जाऊ लागला. चीनमध्येही वारे फिरले आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये तिथे गाड्यांच्या सुरक्षा नियमांचा एक मसुदा जाहीर झाला : गाडी दर वेळी सुरू होताना अशा मोडमध्ये असावी की शून्य ते शंभरला पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ लागू नये, जास्त जोर हवा असेल तर चालकाने मोड स्वतः बदलावा. 2021 ची बेस टायकान या मर्यादेत आहे तशी बसते. 2024 ची, निदान कागदावरच्या 4.8 सेकंदांनुसार, बसत नाही.