रक्त काढलं म्हणजे स्टेम सेल झालं नाही

पावसाळ्यात चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत शेवाळलेल्या पाखाड्यांवर घसरून मागचा पाय धरलेले कुत्रे वाढतात, आणि त्यासोबत हे वाक्यही: "आम्ही स्टेम सेल करून घेतलं." काय केलं म्हणून विचारावं, तर पुढच्या पायातून रक्त काढलं, मशीनमध्ये फिरवलं, तासाभरात गुडघ्यात टोचलं. ही पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा) झाली. यात स्टेम सेलचा संबंध नाही.

पीआरपी बहुतेकांना ठाऊक आहे, केस गळतात म्हणून माणसांच्या डोक्यात टोचतात तीच. किटनुसार 10 ते 60 मिली रक्त, ते गोठू नये म्हणून सायट्रेट, मग सेंट्रिफ्यूज, आणि शेवटी हाती येतो प्लेटलेट दाट झालेला प्लाझ्मा. प्लेटलेटमधून बाहेर पडणारे वाढघटक पुढचं काम करतात. प्लेटलेटला केंद्रक नसतं, ती विभागत नाही. तिला मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, म्हणणं निव्वळ चूक आहे.

गोंधळ मशीनवरून होतो, कारण सेंट्रिफ्यूज दोन्हीकडे फिरतो. पाहायचं असतं ते नमुना कुठून घेतला. सांध्यासाठी वापरतात त्या मेसेनकायमल नावाच्या मूळपेशी फिरत्या रक्तात जवळजवळ नसतातच; त्या चरबीत आणि अस्थिमज्जेत असतात. म्हणून कुत्र्याला भूल द्यावी लागते. खांद्यामागची, जांघेतली किंवा पोटातली चरबी कापून काढतात, नाहीतर दंडाच्या किंवा कमरेच्या हाडात जाड सुई घालून मज्जा ओढतात. अंगावर टाका नाही, हाडावर सुईची खूण नाही, तर त्याच्या स्वतःच्या स्टेम सेल कुणी काढलेल्या नाहीत.

चरबी काढल्यानंतर पुन्हा दोन वाटा फुटतात. एकीत कोलॅजिनेज विकराने चरबी विरघळवून पेशी वेगळ्या करतात आणि त्याच दिवशी टोचतात. याला एसव्हीएफ म्हणतात. ही खिचडी असते: रक्तवाहिन्यांच्या पेशी, पांढऱ्या पेशी, आणि मूळपेशी त्यात जेमतेम काही टक्के. दुसऱ्या वाटेत प्रयोगशाळेत 37 अंश सेल्सिअस आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन-तीन आठवडे पेशी वाढवून, मोजून, लाखांच्या हिशेबात परत पाठवतात. खात्रीने स्टेम सेल म्हणावं ते हिलाच. दात्याच्या पेशींचा तिसराही प्रकार आहे, ज्यात तुमच्या कुत्र्याकडून काहीच घेत नाहीत. युरोपात 2022 साली कुत्र्यांच्या संधिवातासाठी मान्यता मिळालेलं डॉगस्टेम तर घोड्याच्या नाळेतल्या पेशींचं आहे.

तेव्हा रक्त घेऊन त्याच दिवशी टोचलं तर पीआरपी; चरबी घेऊन त्याच दिवशी, तर एसव्हीएफ; चरबी घेऊन तीन आठवड्यांनी, तर वाढवलेल्या मूळपेशी. वाढवलेल्या पेशी घेत असाल तर कुपीसोबतचा कागद मागा. त्यावर एकूण पेशी किती आणि जिवंत किती टक्के, हे दोन आकडे हवेत. "भरपूर आहेत" हा आकडा नव्हे.

कोकणात हा कागद जास्तच महत्त्वाचा. ताज्या पेशी 2 ते 8 अंशांत येतात आणि दिवस-दोन दिवसांत वापराव्या लागतात. पुण्याहून निघालेला डबा वरंध घाटात दरडीमागे अडकला, तर पोचेपर्यंत त्यातल्या अर्ध्या मेलेल्या असू शकतात. गोठवलेल्या आइस-पॅकला थेट चिकटलेली कुपी गोठू शकते आणि पेशी फुटतात. खास द्रव घालून गोठवलेल्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर टिकतात, पण ती टाकी आणि वितळवण्याची शिस्त दवाखान्याकडे हवी.

"नवीन कुर्चा उगवते" ही जाहिरात मात्र डोक्यात जाते. या पेशी गवंडी नाहीत, मुकादम आहेत: सूज आवरणारे आणि आसपासच्या पेशींना कामाला लावणारे संकेत सोडतात, आणि बहुतेक काही आठवड्यांत नाहीशा होतात. 1991 साली 'मेसेनकायमल स्टेम सेल' हे नाव रूढ करणाऱ्या शास्त्रज्ञ अर्नोल्ड कॅप्लान यांनीच 2017 मध्ये ते बदला असं लिहिलं.

पीआरपी स्वस्त आणि जवळ मिळणारी, म्हणून सौम्य दुखापतीत आधी तीच करावी असं माझं मत. पण आधी रक्ततपासणी. आपल्याकडे गोचिडताप घरोघरी आहे आणि त्यात प्लेटलेट कोसळतात. निरोगी कुत्र्यात त्या मायक्रोलिटरला साधारण दोन ते पाच लाख असतात. पन्नास हजारांवर आलेल्या रक्ताची पीआरपी म्हणजे महागडं पिवळं पाणी. प्लाझ्मात लाल पेशी मिसळल्या तर सांधा उलट भडकतो. मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन ही दुखण्या-सुजेची औषधं चालू असतील तर ती किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारा, कारण ती प्लेटलेटच्या कामात अडथळा आणू शकतात.

गुडघ्यातला क्रूशिएट अस्थिबंध (लिगामेंट) पूर्ण तुटला असेल तर दोन्ही विसरा. ते टोक सुईने जुळत नाही. मोठ्या कुत्र्याला टीपीएलओ, म्हणजे नडगीचं हाड कापून प्लेट बसवायची शस्त्रक्रिया लागते. अर्धवट फाटलेल्यात मात्र सुईचा विचार होऊ शकतो.

टोचल्यावर एक-दोन दिवस सांधा सुजतो, हे अपेक्षित आहे. पहिले दोन आठवडे फक्त पट्ट्याला बांधून सपाटीवर फिरवा, पाखाडी आणि समुद्राची भुसभुशीत वाळू बंद. सूज पाहून घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका, तिने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जातं. मांजराला तर पॅरासिटामोलची एक गोळीही जीव घ्यायला पुरते.