तेलाला रिठा लावणारे जिवाणू

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यावर अनवाणी फिरलात तर तळपायाला डांबर चिकटतं. पाण्याने जात नाही, खोबरेल चोळावं लागतं. त्यावर कुणीतरी म्हणतंच, 'समुद्र पोटात काही ठेवत नाही.' साफ चूक! सांडलेलं बरंचसं तेल समुद्र पचवतो. हे डांबराचे गोळे म्हणजे उरलेला चोथा.

पचवणाऱ्यांतला माझा लाडका जिवाणू अल्कानिव्होरॅक्स बोर्कुमेन्सिस. उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटाच्या नावावरून १९९८ साली त्याचं बारसं झालं. साखरेकडे हा ढुंकूनही पाहत नाही, त्याला तेलातली अल्केन, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या, हवीत. पंचाईत अशी की तो पाण्यात राहतो आणि तेल पाण्यात विरघळत नाही. म्हणजे घास घ्यायचा तो दोघांच्या सीमेवरच.

मग ही सीमाच वाढवायची. रिठ्याच्या फेसात जे असतं, तसलंच काहीतरी हा स्वतः बनवतो: ग्लुकोजला जोडलेली मेदाम्लं. रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं तेलाकडे. यालाच बायोसर्फॅक्टंट म्हणतात. त्याने सीमेवरचा ताण घटतो आणि तेल बारीक थेंबांत फुटतं. एक सेंटिमीटरच्या थेंबाचे एकेक मायक्रॉनचे थेंब झाले, तर तेल तेवढंच राहून पृष्ठभाग दहा हजार पट होतो!

पण हा गडी तेवढ्यावर थांबत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकांनी एकेक थेंब अडकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. थेंबावर जिवाणूंचा थर दाटत जातो, ताण कमी असल्याने पृष्ठभाग दुमडतो आणि आतलं तेल बोटांसारख्या नळ्यांतून बाहेर येतं. प्रत्येक नळीवर पुन्हा जिवाणूंची पंगत. पुढे विकरं साखळीच्या टोकाला ऑक्सिजन जोडतात. अल्केनचं अल्कोहोल, त्याचं अल्डिहाइड, मग मेदाम्ल, आणि ते दोन-दोन कार्बननी कातरलं जातं. (बारावीच्या आठवणीने घाम फुटला असेल तर हे सोडून द्या.)

'तेल खाणारा महाजिवाणू' म्हटलं की प्रयोगशाळेत तसा जिवाणू घडवणारे शास्त्रज्ञ आनंद चक्रवर्ती यांचं नाव निघतं. त्यांच्या जिवाणूच्या पेटंटचा १९८० चा अमेरिकी निकाल ऐतिहासिक खराच, पण तो जिवाणू समुद्रात कधी सोडलाच गेला नाही. समुद्रात खाणारे आधीच आहेत, कमी पडतो तो नायट्रोजन आणि फॉस्फरस. म्हणूनच १९८९ मध्ये एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यावर अलास्काच्या किनाऱ्यांवर चक्क खत फवारलं होतं. आणि डांबरगोळ्यातलं अस्फाल्टीन? ती कार्बनची गुंतागुंतीची वलयं खत घातलं तरी सहसा कुणी खात नाही. तिथे खोबरेलच.