खडक, तळ आणि तेल: दुहेरी तळाच्या नियमांमागचा इतिहास

बेळगावच्या बाजारात कारवार-गोव्याची मासळी येते, त्यामुळे ३० मे २००६ रोजी कारवारजवळच्या ऑयस्टर रॉकवर ‘ओशन सेराया’ हे जहाज चढले, ती घटना घाटावरच्या सीमाभागालाही परकी नाही. ते तेलवाहू नव्हते. सांडले ते त्याचे स्वतःचे इंधन. तोवरचे नियम मात्र मुख्यतः तेलवाहू जहाजांसाठी घडलेले होते.

१९६७ मध्ये ‘टोरी कॅनियन’ सुमारे १ लाख १९ हजार टन कच्च्या तेलासह कॉर्नवॉलजवळच्या खडकावर फुटले आणि त्यानंतर जहाजांमुळे होणारे समुद्रप्रदूषण रोखण्यासाठीचा १९७३ चा मारपोल हा आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७८ च्या सुधारणेने मोठ्या नव्या तेलवाहू जहाजांना समतोलाच्या पाण्यासाठी (रिकाम्या जहाजाचा तोल राखायला भरतात त्या पाण्यासाठी) स्वतंत्र टाक्या सक्तीच्या केल्या. त्या कडेने व तळाशी अशा बसवायच्या, की धक्का आधी त्यांनी झेलावा. पण तळाचा बराच भाग तरीही उघडाच राहिला. मार्च १९८९ मध्ये अलास्कात ‘एक्सॉन वाल्डीझ’ या तेलवाहू जहाजाच्या अकरापैकी आठ तेलटाक्या फाटल्या आणि सुमारे ३७ हजार टन तेल वाहून गेले.

तळ फाटला म्हणजे सगळे तेल जातेच असे नाही. तेल पाण्याहून हलके असले, तरी भरलेल्या टाकीतील त्याची पातळी समुद्रापेक्षा बरीच वर असते. त्यामुळे आतला दाब जास्त भरतो आणि तो बाहेरच्या दाबाबरोबर येईपर्यंत तेल निसटत राहते. याच तत्त्वावर मध्य-डेकची रचना पुढे आली: टाकी आडव्या डेकने विभागायची, खालच्या भागाचे छत जलरेषेखाली ठेवायचे, म्हणजे तळ फुटल्यास तेल बाहेर जाण्याऐवजी पाणीच आत शिरते. माझ्या मते तळाच्या अपघातापुरती ही कल्पना अधिक चतुर होती. १९९२ च्या मारपोल दुरुस्तीने तिला पर्याय म्हणून मान्यता दिली, अमेरिकेच्या १९९० च्या तेलप्रदूषण कायद्याने दिली नाही, आणि जहाजबांधणी दुहेरी कवचाकडेच, म्हणजे तळ आणि बाजू दोन थरांच्या करण्याकडेच, वळली.

६ जुलै १९९३ पासून मागणी नोंदवलेल्या, ५ हजार टन व त्याहून अधिक वहनक्षमतेच्या तेलवाहू जहाजांना दुहेरी कवचाचा (किंवा मान्य पर्यायाचा) हा मारपोल नियम लागू झाला. मोठ्या जहाजात दोन तळांमध्ये साधारण २ मीटर अंतर राहते. संथ गतीने घासलेल्या जहाजाला तेवढे पुरते. वेगात चढलेल्या जहाजाचा आतला तळही खडक फाडू शकतो. ‘एरिका’ आणि ‘प्रेस्टीज’ ही तेलवाहू जहाजे बुडाल्यावर जुनी एकेरी कवचाची जहाजे लवकर बाद करण्याचे वेळापत्रक आले.

जहाजाच्या स्वतःच्या इंधनटाक्यांनाही संरक्षण देण्याचा मारपोलचा नियम मार्च २००६ मध्ये, म्हणजे कारवारच्या अपघाताच्या दोनच महिने आधी संमत झाला. तो ६०० घनमीटर किंवा अधिक इंधन साठवणाऱ्या आणि १ ऑगस्ट २०१० पासून ताब्यात दिलेल्या जहाजांनाच लागू होतो. त्याआधीची जहाजे त्याच्या कक्षेबाहेर राहिली.